घाटी चढणारी सायकल

प्रश्न: मी रत्नागिरीत राहते, शाळेत शिकवते. वय ४३, उंची ५ फूट २ इंच, वजन ६० किलो. गेलं वर्षभर रविवारी मुलाची गिअरची सायकल चालवते आहे. तिला पुढे शॉकअप आहे आणि टायर जाड आहेत. भाट्याच्या पुलापर्यंत छान वाटतं, पण सुरूबन संपलं की पुढचा चढ उतरून ढकलत न्यावा लागतो. पंधरा किलोमीटरनंतर करंगळ्या बधिर होतात आणि बैठक इतकी दुखते की दोन दिवस खुर्चीत बसवत नाही. आता स्वतःची सायकल घ्यायची आहे. पावसला जायचं, आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाऊन यायचं, पुढे जमलं तर जयगडहून फेरीबोटीने गुहागरकडे. शाळेत आणि बाजारातही तीच न्यायची आहे. दुकानदार म्हणतो लेडीज सायकल घ्या, मुलगा म्हणतो शॉकअपवालीच घे, मैत्रीण म्हणते रेसिंगची घे. चाळीस हजारांपर्यंत खर्च करू शकते. काय घेऊ? आणि पावसाआधी घेऊ की नंतर?

उत्तर:

ताई, तिघांचंही ऐकू नका. तुमच्या कामाची सायकल म्हणजे हायब्रिड. सरळ हँडल, पुढचं चाक धरणारा, शॉकअप नसलेला साधा चिमटा, ७०० सी मापाची चाकं, ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर, डिस्क ब्रेक आणि कॅरियर-मडगार्ड बसवायला भोकं असलेली ॲल्युमिनियमची फ्रेम. पण दुकानात जाऊन नुसतं ‘हायब्रिड दाखवा’ म्हणून भागणार नाही. त्याच नावाने घाटी चढणारी सायकलही विकली जाते आणि न चढणारीही. शिवाय तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी दुखणी आहेत: चढ, करंगळ्या आणि बैठक. नवी सायकल आणून ती आपोआप जाणार नाहीत. प्रत्येकाचं कारण सायकलीच्या वेगळ्या भागात आहे, आणि ते कळलं तर दुकानात काय बघायचं हे तुम्हीच ठरवू शकाल.

आधी चढ. नकाशात किनारा सपाट दिसतो, पण आपला रस्ता खाडीकाठच्या वाडीतून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर चढतो, सड्यावर थोडा चालतो आणि पुन्हा पुढच्या खाडीला उतरतो. सडा बहुधा शंभरेक मीटरच्या आगेमागे. ही उंची सव्वा किलोमीटरमध्ये गाठली तर चढ ८ टक्क्यांचा झाला, आणि वळणाच्या आतल्या बाजूला तो त्याहून उभा. मोठे घाट लांबलचक असले तरी एका लयीत चढतात. गावाकडच्या घाट्या आखूड पण उभ्या, आणि एक संपली की दुसरी हजर. म्हणून तुमच्यासाठी सायकलीचा सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे तिचा सर्वांत हलका गिअर.

‘२१ गिअर आहेत’ या वाक्यातून तो कळत नाही. २१ मधले कितीतरी गिअर जवळपास सारखेच असतात. तुम्ही दाते मोजा. पुढच्या चक्रांतलं सर्वांत लहान चक्र आणि मागच्या चकत्यांतली सर्वांत मोठी चकती, पुढच्याला मागच्याने भागा. उत्तर १ पेक्षा कमी यायला हवं, ०.८ च्या आसपास आलं तर उत्तम. पुढे २८ आणि मागे ३४ असतील तर ०.८२. पुढे २८ आणि मागेही २८ असतील तर बरोबर १. रेसिंग सायकलीला पुढचं लहान चक्रच बहुधा ३४ चं असतं, मागे २८ धरले तर उत्तर १.२१.

या तीन आकड्यांनी पायांवर काय फरक पडतो ते पाहा. मिनिटाला ६० वेळा पॅडल फिरवलं तर ०.८२ वर सायकल ताशी साधारण साडेसहा किलोमीटरने चालेल, १ वर पावणेआठने आणि १.२१ वर साडेनऊने. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ७७ किलो धरू. ८ टक्क्यांच्या चढावर या वेगांना अनुक्रमे १२०, १४५ आणि १७५ वॅटच्या आसपास ताकद लागते. नेमाने सायकल चालवणाऱ्या ६० किलो वजनाच्या बाईला दहा-पंधरा मिनिटं सलग १०० ते १३० वॅट जमतात. म्हणजे ०.८२ च्या गिअरवर तुम्ही बसल्या बसल्या, श्वास राखून सड्यावर पोचता. १.२१ च्या गिअरवर एक तर उभं राहून गुडघ्यांवर जोर द्यायचा, नाहीतर उतरून ढकलायचं. मैत्रिणीचा सल्ला इथेच बाद होतो. रेसिंगची सायकल वाईट नाही, पण बाजारात मिळते त्या रूपात ती आपल्या घाट्यांसाठी बांधलेली नसते.

आता एक गोष्ट आजच करून बघा. मुलाच्या सायकलीसारख्या माउंटन बाइकला पुढे बहुधा २४ दात्यांचं लहान चक्र असतं. मागे २८ असले तरी उत्तर ०.८६ येतं, म्हणजे गिअर पुरेसा हलका आहे. तरी ढकलावी लागते, याचा अर्थ चेन त्या लहान चक्रावर उतरतच नसावी. असं फार सायकलींत असतं. पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, दुकानातून नीट लावून मिळत नाही, खाऱ्या हवेत केबल अडकते, आणि डाव्या हाताचा शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा खटका, कोणी वापरतच नाही. मागचं चाक उचलून पॅडल हाताने फिरवा आणि डावा शिफ्टर शेवटपर्यंत सोडा. चेन उतरली नाही तर केबल सैल करून डिरेलरचा ‘एल’ खुणेचा स्क्रू पाव पाव फेरा सोडत बघा. नवी सायकल घेईपर्यंतही तुमचा भाट्याचा चढ सुटेल.

नव्या हायब्रिडमध्ये पुढे २८ आणि मागे २८ अशी जोडी निघाली, आणि बाकी सायकल आवडली असेल, तर दुकानदाराला मागचं फ्रीव्हील, म्हणजे चकत्यांचा संच, १४–३४ दात्यांचं बसवून द्यायला सांगा. खर्च फार येत नाही. चेनही लांब लागेल आणि मागचा डिरेलर ३४ दाते पेलणारा, लांब पिंजऱ्याचा हवा, हे दोन्ही आधी विचारून घ्या. जुन्याच आखूड चेनवर ३४ ची चकती बसवली आणि पुढे मोठं चक्र, मागे मोठी चकती अशी चुकीची जोडी पडली, तर चेन ताणून डिरेलर मुळापासून मोडतो. पुढे एकच चक्र असलेल्या सायकली आता मिळतात. डावा शिफ्टर नसल्याने त्या सोप्या वाटतात. त्यांनाही तोच भागाकार लावा: पुढे ३८ आणि मागे ४२ म्हणजे ०.९, चालेल. पुढे ३८ आणि मागे ३४ असतील तर सोडून द्या.

गिअर चढ सुरू होण्याआधी उतरवायचा. चढात अडकल्यावर पूर्ण जोर लावत शिफ्टर दाबला की चेन दात्यांवरून उडते, कधी आत फ्रेमकडे पडते. उशीर झालाच तर अर्धा फेरा पॅडलवरचा जोर सोडून मग बदला.

शॉकअपबद्दल मुलाची समजूत काढावी लागेल. या किमतीतला शॉकअप साध्या चिमट्यापेक्षा किलो-सव्वा किलो जड असतो. चढावर प्रत्येक पॅडलला तो खाली-वर होतो, तुमच्या मेहनतीचा एक हिस्सा स्प्रिंग दाबण्यात जातो. आणि आपल्याकडे त्याचा खरा शत्रू म्हणजे खारं वारं. दोन पावसाळ्यांत नळ्यांवर गंज धरतो, सील फाटतं, मग तो धड दबतही नाही आणि धड कडकही राहत नाही. खड्ड्यांचे हादरे घ्यायचं काम रुंद टायर जास्त चांगलं करतो, पण त्यात हवा बेताची हवी. दुकानात सरसकट ८० पीएसआय भरून देतात आणि मग सायकल दगडासारखी उडते. तुमच्या वजनाला ३८ मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ५० आणि पुढे ४५ पुरे. ओल्या रस्त्यावर आणखी पाच कमी. टायरच्या कडेला लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली मात्र जाऊ नका, कारण खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटून एकदम दोन भोकं पडतात. घरी दाब दाखवणारा उभा पंप ठेवा आणि दर रविवारी निघण्याआधी बघा.

आता माप, आणि दुकानदाराच्या लेडीज सायकलीचा प्रश्न. दुकानात या नावाने मिळते ती बहुधा वाकड्या नळीची, पुढे टोपली असलेली, वजनदार लोखंडी सायकल. बाजारासाठी ठीक, सड्यासाठी नाही. बायकांसाठी खास फ्रेम ही कल्पना मात्र पोकळ नव्हती. अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८५ साली बुटक्या बायकांसाठी पुढचं चाक लहान ठेवून सायकली बांधायला सुरुवात केली, कारण मोठ्या चाकांभोवती लहान फ्रेम नीट बसत नव्हती. जायंट कंपनीने २००८ मध्ये लिव्ह हा बायकांचा वेगळा ब्रँडच काढला. पण फ्रेमचा आकार ठरतो तो तुमच्या पायांच्या, धडाच्या आणि हातांच्या लांबीवरून. सारख्या उंचीच्या दोन बायकांतही ही मापं बरीच वेगळी निघतात. लेबल बघू नका, टेप घेऊन बसा.

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. पायांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवा, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. तुमच्या उंचीला हे माप ७० ते ७४ च्या दरम्यान यावं. ७२ आलं असं धरू. त्याला ०.८८३ ने गुणलं की ६३.६. एवढ्या सेंटिमीटरवर, क्रँक (पॅडलची दांडी) ज्या मध्याभोवती फिरते तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत, तुमच्या सीटची उंची सुरुवातीला ठेवायची. सायकलीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्या राहिलात तर वरची नळी आणि तुमच्यात किमान तीन सेंटिमीटर जागा हवी, नाहीतर अचानक थांबताना लागतं. याहून महत्त्वाचं माप आडवं: सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंतचं जमिनीला समांतर अंतर. कंपन्यांच्या तक्त्यात ते दिलेलं असतं. तुम्हाला ५१ ते ५४ सेंटिमीटर हवं. ५६ च्या पुढे गेलं की हात ताणले जातात आणि शरीराचा भार तळव्यांवर येतो. मुलाच्या सायकलीवर हेच होत असणार. तुमच्या उंचीला बहुतेक कंपन्यांचं एस माप बसतं, काहींचं एक्सएस. दुकानात एम माप पडून आहे म्हणून ‘सीट खाली घेऊन देतो’ असं कोणी म्हणालं तर घेऊ नका. सीट खाली येते, फ्रेमची लांबी कमी होत नाही.

लहान फ्रेमची एक खोड दुकानातच तपासा. पॅडल आडवं ठेवा, पुढचा पाय पॅडलवर टेकवा आणि हँडल पूर्ण वळवा. चप्पल-बुटाचं टोक पुढच्या टायरला घासत असेल तर घाटीच्या वळणावर, ताशी सहा किलोमीटरच्या वेगात, तोल जाऊ शकतो. मडगार्ड बसवल्यावर जागा आणखी कमी होते. फार घासत असेल तर २७.५ इंची चाकांची हायब्रिड बघा, त्यात हा त्रास बराच कमी. क्रँकची लांबीही विचारा. १७० मिलिमीटर सगळीकडे असते, १६५ मिळाली तर तुमच्या गुडघ्यांना आणि कमरेला ती सोसेल. नाही मिळाली तर एवढ्यासाठी सायकल नाकारू नका.

करंगळ्या बधिर होतात त्या तळव्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दाबली जाते म्हणून. कारणं तीन: हँडल दूर, हँडल रुंद आणि मनगट मागे मोडलेलं. माउंटन बाइकचं हँडल ६८-७२ सेंटिमीटर रुंद असतं, तुमच्या खांद्यांना ५६ ते ६० पुरे. जास्त असेल तर दोन्ही टोकं सारखी कापता येतात. त्याआधी ग्रिप, शिफ्टर आणि ब्रेक आत सरकवून आठवडाभर चालवून बघा, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. हँडल धरणारी पुढची दांडी, तिला स्टेम म्हणतात, ती १०० मिलिमीटरची असेल तर ६० किंवा ७० ची आणि वर कललेली घ्या. हँडल सीटच्या पातळीला किंवा बोटभर वर यायला हवं. तळव्याखाली पंख्यासारखी पसरणारी ग्रिप बसवा, भार पसरतो. ब्रेकचा लिव्हर इतका खाली वळवा की हातापासून बोटांपर्यंत सरळ रेष राहील. आणि एक बारकावा, जो लहान हातांच्या बायकांना कोणी सांगत नाही: लिव्हरच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबता आला पाहिजे. उतारावर बोटं ताणून ब्रेक धरावा लागला तर पाच मिनिटांत हात थकतो, आणि थकलेला हात नेमका वळणावर ढिला पडतो.

आता बैठक. पत्रात तुम्ही यासाठी अर्धंच वाक्य लिहिलं आहे, पण बहुतेक बायका लांबची सायकल याच कारणाने सोडतात, आणि दुकानात पुरुषांपुढे बोलायला संकोचतात. आपला भार बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवा. बायकांत या दोन हाडांमधलं अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतं. सीट अरुंद असेल तर हाडं दोन्ही बाजूंना लोंबकळतात आणि भार मधल्या मऊ भागावर येतो. तिथे मग जळजळ, सूज, बधिरपणा. यावर लोक जाड जेलचं कव्हर घालतात. पहिले पाच किलोमीटर बरं वाटतं. मग हाडं जेलमध्ये रुततात आणि जेल मधोमध वर येऊन नको तिथेच दाबतं. लांब जाण्यासाठी सीट घट्टसर, योग्य रुंदीची आणि मध्ये खाच असलेली हवी.

रुंदी घरी मोजता येते. खोक्याचा नळीदार पुठ्ठा लाकडी स्टुलावर ठेवून पातळ कपड्यात त्यावर बसा. टाचा थोड्या उचला, हँडल धरल्यासारखं पुढे वाका आणि दोन मिनिटं हलू नका. उठल्यावर दोन खोलगट खुणा दिसतील. बोटाने चाचपून त्यांचे मध्य पेनाने काढा आणि अंतर मोजा. हायब्रिडवर आपण बऱ्यापैकी ताठ बसतो, म्हणून त्यात अडीच ते तीन सेंटिमीटर मिळवा. अंतर १२.५ आलं तर सीट साडेपंधराच्या आसपास रुंद. त्याहून फार रुंद, स्कूटरसारखी सीट घेतलीत तर मांड्या आतून घासतील.

सीट लावण्याचा क्रम चुकवू नका: आधी उंची, मग पुढे-मागे, मग कल, आणि हँडल सर्वांत शेवटी. टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाशी नेलं की गुडघा सरळ व्हावा. पायाचा पुढचा भाग पॅडलवर आला की तो आपोआप थोडा वाकलेला राहतो. पॅडल आडवं असताना पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पॅडलच्या दांड्यावर यावा. सीट सपाट ठेवा. पुढे दुखत असेल तर नाक एक-दोन अंशच खाली, त्याहून जास्त नाही, नाहीतर तुम्ही पुढे घसरत राहाल आणि तो भार पुन्हा हातांवर येईल. पुढे काही दुखलं तर शरीरच सांगतं. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर आहे, कंबर डावी-उजवी डोलत असेल तरी वर आहे. एका वेळी पाच मिलिमीटरच बदला आणि मग दोन फेऱ्या मारून बघा. योग्य जागा मिळाली की सीटच्या नळीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा.

पॅडेड शॉर्ट्स दोन घ्या, बायकांच्या मापाच्या. दोन अशासाठी की पावसाळ्यात एक आठवडाभर वाळत नाही आणि दमट शॉर्ट्स घातली की पुरळ ठरलेली. आत चड्डी घालायची नाही, तिच्या शिवणीच घासतात. वरून सैल ट्रॅक पँट किंवा कुर्ता घाला, कोणाला काही कळत नाही. उजवा पायचा पट्टीने बांधा, चेन त्या बाजूला आहे. ओढणी मात्र पिशवीत, गळ्यात नाहीच. मागच्या चाकात अडकलेली ओढणी गळ्याला फास लावते, हा धोका खरा आहे. पाळीच्या दिवसांत पॅडची कड तासाभरात सोलवटून काढते. मेन्स्ट्रुअल कप जमत असेल तर लांब फेरीला तोच बरा, नसेल तर त्या रविवारी पल्ला लहान ठेवा. घरी पोचल्यावर चहाआधी कपडे बदला.

ब्रेक डिस्कचेच घ्या. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. लाल चिखल रिमवर बसला की रिमचे ब्रेक कानशीसारखे रिमच झिजवतात. हायड्रॉलिक डिस्कला बोटांचा जोर कमी लागतो. केबलची डिस्क सोपी, गावातला मेकॅनिकही नीट करू शकतो. तुमच्या बजेटमध्ये बहुधा केबलचीच मिळेल, ती चांगली आहे. तिच्यात साधारणपणे एकच पॅड हलतो, म्हणून दुसरा स्थिर पॅड झिजेल तसा आत सरकवत राहावा लागतो. हे न केल्याने लिव्हर हँडलला टेकतो आणि लोक डिस्कला नावं ठेवतात. नव्या पॅडना सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा आवळून बसवा. चेनला स्प्रेने तेल मारू नका, एक थेंब डिस्कवर उडाला तरी पॅड कामातून जातो.

कॅरियर मागे हवाच, वह्यांसाठीही आणि बाजारासाठीही. डिस्कच्या सायकलीला साधा कॅरियर ब्रेकच्या भागाला अडतो, त्यासाठीचा वेगळा येतो. बाजूला लटकणाऱ्या पिशव्या घेणार असाल तर दुकानात लावून पॅडल मारा. लहान फ्रेमवर टाच पिशवीला लागते. पिशव्या भरल्यावर मागून पाय टाकणं कुर्त्यात जड जात असेल, तर खालून पाय टाकता येणारी, पण गिअर वरच्या हिशोबातले असलेली फ्रेम मिळाली तर जरूर घ्या. वाकड्या नळीला आमचा विरोध नाही. ट्यूबचा वॉल्व्ह मोटरसायकलसारखा असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक प्रेस्टा असेल तर छोटं पितळी अडॅप्टर वॉल्व्हवरच बसवून ठेवा.

पैशांची वाटणी अशी करा: सायकलीला ३० ते ३२ हजार, उरलेल्यात सीट, शॉर्ट्स, स्टेम-ग्रिप, हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, मडगार्ड, कॅरियर, पंप, दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि ॲलन कीचा जुडगा. चाळीसच्या चाळीस हजार सायकलीत घालून मूळच्या सीटवर महिनोन्महिने कळ काढणं हा सर्वांत महागडा व्यवहार.

खाऱ्या हवेसाठी ताब्यात घेण्यापूर्वीच दुकानात सीटची नळी, पॅडलचे आटे आणि दिसणारे सगळे बोल्ट ग्रीस लावून बसवून घ्या. सीटची नळी दर तीन महिन्यांनी काढून पुसून पुन्हा ग्रीस लावा, नाहीतर ती फ्रेममध्ये अशी धरते की कापावी लागते. भिजून आल्यावर गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, चाकांच्या मध्यावर पाइपचा जोर मारू नका, चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीवर एकेक थेंब चेनचं तेल टाका आणि वरचं पुसून घ्या. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे तेल नव्हे. चेन झिजली का ते फूटपट्टीने कळतं: नव्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरतात. हेच अंतर १२ इंच आणि वर एक सोळांश इंच झालं की चेन बदला, म्हणजे महागाच्या चकत्या वाचतील. आणि ओहोटीच्या वेळी पुळण कितीही टणक दिसली तरी त्यावर सायकल नेऊ नका. खारं पाणी आणि बारीक वाळू बेअरिंगमध्ये शिरली की ती धुऊन निघत नाही.

पावसाआधी की नंतर? नंतर. जून ते सप्टेंबर मुलाच्या सायकलीवर सीट नवी लावून, स्टेम आखूड करून, पुढचा डिरेलर सुधारून शाळेपर्यंतच चालवा. ही सीट पुढे नव्या सायकलीवर जाईल, तो खर्च वाया जात नाही. शेवाळलेल्या उतारावर नवे ब्रेक शिकायला नकोत. गणपती झाले, पाऊस ओसरला की सायकल बघायला निघा. दुकानातल्या फरशीवर बसून ठरवू नका, दुकानदाराला सांगून भाट्याच्या चढापर्यंत घेऊन जा. सर्वांत हलक्या गिअरवर, बसून, बोलता येईल इतक्या श्वासात निम्मा चढ जमला तर तो गिअर तुमचा.

मग पहिले दोन रविवार भाट्याचा चढ चढून परत. तिसऱ्या-चौथ्याला पावस, एका बाजूने सतरा-अठरा किलोमीटर. पावसची फेरी झाल्यावर दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसता आलं तरच साखरतर, काळबादेवी, आरे-वारे करत गणपतीपुळं, ते एका बाजूने सुमारे २५. पहाटे उजाडताच निघा, तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा, परतीच्या बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत. या फेऱ्यांत तीनशे किलोमीटर होतील तेव्हा सायकल दुकानात नेऊन स्पोक पुन्हा ताणून घ्या आणि गिअरच्या केबल आवळून घ्या. नव्या चाकाचे स्पोक सुरुवातीला सैलावतात, आणि तसेच चालवले तर मागच्या चाकाचा एखादा तुटतो. जयगडची बोट त्यानंतर.